गेरू ओळखणारा प्रोग्रॅम

आमच्या भागात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात दुसरं काही चालत नाही. त्या सकाळी मी पिंपात पाइप धरून उभी होते आणि आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. गंगापूरच्या अलीकडे एका वाडीत राहते, मेंढरं राखते. त्या उन्हाळ्यात गावात चारा उरला नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या, म्हणून ती आपला कळप घेऊन शेळ्या-मेंढ्यांच्या चारा छावणीत जाऊन राहिली होती. आता छावणी बंद करायचा हुकूम निघाला होता आणि ती घरी निघाली होती.

"तुझं ते मशीन म्हणतंय, यातली आठ मेंढरं मपली नायत," ती म्हणाली. "लाल दिवा लावतंय. अकराला हिरवा, आठाला लाल."

"उन्हात फोटो काढत असतील आत्या. सावलीत काढायला सांग."

"सांगते," ती म्हणाली. "पर मेंढरं मपलीच हायेत बरं का."

"अगं, असं कोण म्हणतंय?" मी म्हटलं आणि पाइप दुसऱ्या पिंपात टाकला. हे माझं पहिलं उत्तर होतं. पुढं मी काय काय केलं ते ऐकायला लोकांना आवडतं, म्हणून हे आधी सांगून टाकते.

मशीन माझं होतं याचा अर्थ एवढाच, की त्याच्या आतला प्रोग्रॅम मी लिहिला होता. मेंढीचा फोटो दाखवला की तो आधीच्या फोटोंशी ताडून पाहतो आणि ही कुठली मेंढी, कुणाच्या कळपातली, ते सांगतो. आम्ही कन्नडकडचे, घाटाच्या वरच्या अंगाचे मेंढपाळ. मी शिकले, शहरात आले, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले. या दुष्काळाच्याही आधीच्या एका दुष्काळात वडिलांचा कळप पाणवठ्यावर दुसऱ्याच्या कळपात मिसळला होता आणि तीन दिवस भांडण चाललं होतं. काळी मेंढी दोघांचीही काळीच. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की कॉम्प्युटर माणसांचे चेहरे ओळखतो तर मेंढ्यांचे का नाही ओळखणार? चार वर्षं सुट्टीत घरी जाऊन मी वडिलांच्या कळपाचे फोटो काढले. गावातले लोक म्हणायचे, पोरीला शिकवलं आणि पोरगी मेंढरांचे फोटो काढती.

प्रोग्रॅम तयार झाला तो मी इंटरनेटवर उघडा ठेवला. कुणीही पाहावा, वापरावा, सुधारावा, एक पैसा द्यायचा नाही. याला ओपन सोर्स म्हणतात. शेजारच्या फ्लॅटमधले काका निवृत्त बँकवाले आहेत. त्यांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "मग तुम्हाला काय मिळतं?" मी ज्या तुकड्यांवर माझा प्रोग्रॅम बांधला ते सगळे तुकडे मला अनोळखी लोकांनी असेच फुकट दिले होते, त्यांना हा प्रश्न कुणी विचारला असेल का, असं मी म्हटलं. काकांना ते पटलं नाही. मलाही त्यांना पटवायचं नव्हतं, माझा चहा निवत होता.

लिहिणं सोपं असतं, राखणं अवघड. प्रोग्रॅम उघडा ठेवला की तिथं तक्रार लिहायला जागा असते, आणि जगातून लोक येऊन तिथं तक्रारी लिहितात. नवीन फोनवर चालत नाही. शेळ्यांवर चालवला तर सगळ्या शेळ्या एकच निघाल्या. एकानं लिहिलं, अर्जंट आहे, आजच करून द्या. हा काय मला मेहनताना देतो, असं वाटायचं, पण मी करून द्यायची. प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर आमच्या शहराचं नाव जुनं लिहावं की नवीन यावर एकदा जी जुंपली, तेवढी चर्चा प्रोग्रॅमच्या कुठल्याही चुकीवर झालेली मी पाहिली नाही. कॉलेजातली सहकारी म्हणायची, सोडून दे गं. मी हट्टी आहे. सोडून दे म्हटलं की माझ्या हातून ते काम जास्तच घट्ट धरलं जातं.

मग शेंद्र्याच्या बाजूला काचेच्या इमारतीत बसणाऱ्या एका कंपनीनं माझा प्रोग्रॅम घेतला. तो घ्यायला त्यांना माझी परवानगी लागत नव्हती, तरी त्यांनी फोन केला, त्याचं मला बरं वाटलं. त्यांनी तो एका टॅबलेटमध्ये बसवला आणि छावण्या चालवणाऱ्या संस्थेला विकला. कळप आत येताना प्रत्येक मेंढीचा फोटो, बाहेर जाताना पुन्हा फोटो. जुळला तर हिरवा, नाही जुळला तर लाल. प्रोग्रॅम नीट चालावा म्हणून कंपनी मला दरमहा थोडी मदत देऊ लागली. तेवढ्यावर मी कॉलेजातले तास निम्मे केले आणि आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी, नीट टेबलखुर्चीवर बसून हे काम करू लागले. त्या सुखाची मला सवय झाली होती, हेही सांगायला हवं.

आत्याच्या फोननंतर मी काय केलं? प्रोग्रॅमची बाजू घेतली. दुपारी लॅपटॉप उघडला, वडिलांच्या कळपाचे सगळे जुने फोटो प्रोग्रॅमला पुन्हा दाखवून पाहिले. एकूण एक बरोबर. कातरणीच्या आधीचे बरोबर, कातरणीच्या नंतरचे बरोबर. मग चूक छावणीच्या कॅमेऱ्याची, नाहीतर फोटो काढणाऱ्याची, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी आत्याला सांगितलं, सकाळच्या उजेडात काढा. तिसऱ्या दिवशी सांगितलं, मेंढीचं तोंड सरळ धरा. आत्या दर वेळी "व्हय" म्हणायची आणि दर वेळी लालच यायचं.

या प्रकारची तक्रार माझ्याकडे आधी आली होती, हे मला त्या तीन दिवसांत आठवलं नाही असं नाही. दूरच्या एका थंड देशातल्या मेंढ्या पाळणाऱ्या बाईनं वर्षभरापूर्वी लिहिलं होतं, की लोकर कातरल्यावर तुमचा प्रोग्रॅम माझ्या मेंढ्या ओळखत नाही. मी आमच्या कळपावर तपासून पाहिलं होतं. आमच्याकडे ओळखत होता. मी तिला लिहिलं, "आमच्याकडे नीट चालतं," आणि तक्रार बंद केली. ती बाई पुन्हा काही बोलली नाही. मेंढपाळाच्या पोरीला कातरणी शिकवायला निघाली, असं काहीतरी तेव्हा माझ्या मनात आलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. तिनं नेहमीसारखं कशी आहेस वगैरे विचारलं नाही.

"एक मेली," ती म्हणाली.

छावणीत चारा मालकाच्या कार्डावर मिळायचा. लाल लागलेली आठ मेंढरं कुणाच्याच कार्डावर नव्हती. त्यांना जाळीच्या आत वेगळं कोंडलं होतं आणि त्यांच्या नावानं चारा निघत नव्हता. आत्या बाहेरून लिंबाचे डहाळे टाकत होती. अजून तीन दिवसांनी ती मेंढरं बेवारस म्हणून कोंडवाड्यात जाणार होती आणि तिथून लिलावात. आत्या छावणीच्या फाटकाबाहेर पटकूर टाकून बसून होती, हे मला पाचव्या दिवशी कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं. मी तिला मेंढीचं तोंड सरळ धरायला सांगत होते.

मला माझा इतका राग आला की लॅपटॉप पिशवीत भरताना चार्जरची वायर निघेना तर मी ती ओढून काढली आणि प्लगचा कोपरा मोडला. वडिलांना फोन करून गंगापूरजवळच्या त्या छावणीवर यायला सांगितलं. पेट्रोल पंपाजवळच्या थांब्यावर जीप भरेपर्यंत उभी राहिले. रस्त्याच्या दोन्ही अंगाला प्लॉटिंगचे चुन्याचे पट्टे मारलेले होते, पार वाळूजच्या पुढंपर्यंत. एके काळी वडील याच बाजूनं कळप घेऊन गोदावरीकडे उतरायचे. आता प्रत्येक पट्ट्यावर कमान होती आणि कमानीवर कुठल्यातरी फुलाचं नाव होतं. जीपवाल्यानं विचारलं, "छावणीत कोन हाय तुमचं?" मी म्हटलं, आत्या. आणि मनात म्हटलं, माझा प्रोग्रॅमसुद्धा.

छावणीच्या फाटकावर टॅबलेट घेऊन एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. वयानं पन्नाशीचा, गळ्यात कंपनीचं कार्ड. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला आणि खुर्ची मला दिली.

"अपने को क्या करना मॅडम," तो म्हणाला. "मशीन हरा बोली तो छोडना, लाल बोली तो रोकना. बुढिया की बकरियाँ उसकीच है, ये मेरे को भी मालूम. लेकिन मेरे मालूम होने से क्या होता?"

"बकऱ्या नाहीत, मेंढ्या," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

आत्या मला बघून रडली वगैरे नाही. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. तोवर वडील पोचले. ते जाळीपाशी गेले आणि उरलेल्या सातांकडे बराच वेळ बघत राहिले, मग एकेकीची आई, आजी सांगत सुटले. ही त्या लंगड्या मेंढीची, ही आपल्याकडून नेलेल्या मेंढीची. आता इथं लोकांना गोष्ट अशी हवी असते, की अडाणी म्हाताऱ्यानं कॉम्प्युटरला हरवलं. तसं झालं नाही. वडिलांच्या दोन चुकल्या. आत्यानंच त्यांना थांबवलं, "नाय दादा, ती तिची बहीण, ती तर कवाच गेली." आणि संस्थेचा जो व्यवस्थापक तिथं आला होता, तो म्हणाला, "काका, तुम्ही बाईंचे भाऊच ना? मग तुम्ही तर म्हणणारच." त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. भावाच्या शब्दावर मेंढरं सोडायला लागला तर उद्या प्रत्येकाचा भाऊ उभा राहील.

मी खुर्चीवर बसून टॅबलेटवर आत्याच्या मेंढ्यांचे आत येतानाचे फोटो एकेक मोठे करून पाहू लागले. वडील माझ्या खांद्यावरून डोकावत होते.

"गेरू कुठं गेला इच्या मानंचा?" ते म्हणाले.

आत येतानाच्या फोटोत प्रत्येक मेंढीच्या अंगावर गेरूचा तांबडा ठिपका होता. कुणाच्या मानेवर, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या पुठ्ठ्यावर. ही आमच्या घराण्याची रीत. एका मेंढीच्या पोटची सगळी एकाच जागी ठिपका घेतात, म्हणजे लांबून बघितलं तरी कुठल्या वंशाची ते कळतं. मेंढरं कातरली की ठिपका लोकरीबरोबर जातो. वडील कातर खाली ठेवायच्या आधी वाटीतला गेरू बोटावर घेऊन तिथल्या तिथं परत ठिपका लावतात. ती त्यांची इतकी सवयीची गोष्ट आहे की मी ती कधी पाहिलीच नव्हती. म्हणजे जन्मापासून रोज पाहिली होती.

"छावणीत लावू देत नाय," आत्या म्हणाली. "कातरनी इथंच झाली. म्या गेरू कालवला तर म्हनले, रंग लावू नका, मशीनचे फोटो बिघडत्यात."

चार वर्षं मी वडिलांच्या कळपाचे फोटो प्रोग्रॅमला दाखवले होते. मला वाटत होतं तो मेंढीचं तोंड शिकतोय, कपाळावरचा पांढरा पट्टा, कानाची ठेवण. त्यानं सोपं होतं ते उचललं होतं. तो गेरू शिकला होता. वडिलांच्या मेंढ्यांवर कातरणीनंतरही तो बरोबर येत होता, कारण तासाभरात गेरू परत आपल्या जागी असायचा. त्या थंड देशातल्या बाईकडे गेरू नव्हता. तिचं बरोबर होतं आणि मी तिला दारातून परत पाठवलं होतं. आणि आत्याच्या ज्या अकरांना हिरवा लागला होता, त्यांच्या अंगावर कातरणी घाईत झाल्यामुळं लोकरीच्या बुडाशी तांबूस डाग राहून गेला होता, एवढाच त्यांचा गुण.

व्यवस्थापकाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हे टेक्निकल झालं. कंपनीचं लेखी पत्र आणा." कंपनीला फोन लावला. तिथल्या साहेबांचं आणि माझं वर्षभर चांगलं होतं, ते मला ताई म्हणायचे. ते म्हणाले, "ताई, तुम्ही तिथं काही बोलू नका. आपण आतल्या आत दुरुस्त करू. पंधरा दिवस द्या."

"तीन दिवसांत मेंढरं कोंडवाड्यात जातील, मग लिलावात."

"त्या केसचं बघू ना आपण."

मी फोन ठेवला आणि फाटकासमोरच्या किराणा दुकानातून गेरूची पुडी आणली. तुळशीवृंदावन सारवायला ठेवतात ती. आत्याच्या बाटलीतल्या पाण्यात कालवला. जाळीतल्या एका मेंढीच्या मानेवर, फोटोत होता तिथं, ठिपका लावला आणि टॅबलेटवाल्याला म्हटलं, काढा फोटो. हिरवा. दुसरीच्या पुठ्ठ्यावर लावला. हिरवा. व्यवस्थापक म्हणाला, "बघा, म्हणजे मशीन बरोबरच आहे की."

तेव्हा माझा तोल गेला. संस्थेच्या अध्यक्षांचा एक पांढरा धष्टपुष्ट बोकड छावणीच्या ऑफिसपाशी बांधलेला होता, दुष्काळाचा त्याच्या अंगावर मागमूस नव्हता. मी जाऊन त्याच्या मानेवर गेरू लावला. कार्यालयातले लोक बाहेर आले. "ओ बाई!" कुणीतरी ओरडलं. टॅबलेटवाला मात्र न सांगता माझ्या मागं आला होता, आणि त्यानं गंभीर चेहऱ्यानं फोटो काढला.

हिरवा. मालक म्हणून आत्याचं नाव.

"हरा बोली," तो व्यवस्थापकाला म्हणाला. "छोडूँ क्या?"

आत्या हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा हसली असणार. बोकडाचा दोर सोडून ती खरंच दोन पावलं चालली. आजूबाजूचे मेंढपाळ गोळा झाले होते. अजून चार-पाच जणांच्या मेंढ्या जाळीत होत्या, त्यांनाही आता आवाज फुटला. अध्यक्षांना फोन गेला. संध्याकाळच्या आत पंचनामा झाला, शेजारच्या वाड्यावरच्या तीन मेंढपाळांनी साक्षी दिल्या, त्यातले दोघं आमच्या नात्यातले नव्हते, आणि जाळी उघडली. आत्याची सात मेंढरं बाहेर आली. आठवी आदल्या दिवशीच पुरली होती.

परत आल्यावर दोन गोष्टी केल्या. त्या थंड देशातल्या बाईची तक्रार पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं, तुमचं खरं होतं, मी ऐकलं नाही, माफ करा. आणि प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर, अगदी वर, नावाच्याही आधी, एक ओळ लिहिली. आधी मराठीत, मग इंग्रजीत. "हा प्रोग्रॅम लोकर कातरलेली मेंढी ओळखत नाही. याच्या भरवशावर कुणाचं जनावर अडवू नका. याच्या चुकीमुळं आमच्या छावणीत एक मेंढी मेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचे साहेब स्वतः घरी आले. सोबत मिठाईचा डबा होता. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगावं लागतं कारण ऐकणाऱ्याला तसं हवं असतं. ते कोचावर टेकून बसले आणि समजुतीनं बोलले. दुसऱ्या जिल्ह्यांत टॅबलेट जायचे होते, टेंडर उघडायचं होतं, आणि संस्थांचे लोक पहिलं पान वाचतात.

"चूक सुधारायला कोण नाही म्हणतंय? पण ती मेंढी मेल्याची ओळ काढा ताई. टेक्निकल भाषेत लिहा. काही परिस्थितीत अचूकता कमी होऊ शकते, असं."

"कमी झाली नाही हो. मेली."

"आणि मराठीत कशाला? जगभरचे लोक बघतात."

"जिची मेली तिला इंग्रजी येत नाही."

त्यांनी मिठाईचा डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, की असं असेल तर मदत चालू ठेवणं त्यांना वर समजावून सांगता येणार नाही. शिवाय त्यांचा एक माणूस माझ्याबरोबरीनं प्रोग्रॅमचा राखणदार म्हणून घ्यावा, म्हणजे पहिल्या पानावर काय असावं ते दोघं मिळून ठरवता येईल. हे ते फार हळू आवाजात म्हणाले.

मी घाबरले नव्हते असं नाही. कॉलेजातले सोडलेले तास दुसऱ्याला गेले होते. घरभाडं होतं, टँकरची वर्गणी होती. पण समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून "वर" हा शब्द ऐकला आणि माझ्यातलं काहीतरी ताठ झालं. वर कोण? वर मी बसले होते. चार वर्षं शेणात उकिडवं बसून फोटो मी काढले, नाही नाही त्या तक्रारींना उत्तरं मी दिली, आणि चूकही माझीच होती. माझी चूक काय शब्दांत सांगायची हे दुसरं कुणी ठरवणार नव्हतं.

"प्रोग्रॅम उघडा आहे," मी म्हटलं. "तुम्ही तुमची प्रत न्या, तुम्हाला हवं ते पान तिच्यावर लावा. तुम्हाला कोण अडवतंय? माझ्या पानावर ती ओळ राहणार."

डबा त्यांनी परत नेला नाही. मी तो शेजारच्या काकांना दिला, त्यांना काजूकतली आवडते.

मदत बंद झाली. मी पुन्हा सकाळचे तास मागून घेतले आणि प्रोग्रॅमचं काम पुन्हा रविवारवर आलं. आता जुने सगळे फोटो टाकून द्यायचे होते आणि बिनगेरूचे नवे काढायचे होते. त्या थंड देशातल्या बाईनं आपल्या कातरलेल्या मेंढ्यांचे फोटो पाठवले, प्रत्येकीचे दोन्ही बाजूंनी, न मागता. एका दुसऱ्या देशातल्या माणसानं फोटोतला रंगाचा डाग आधीच झाकून टाकणारा तुकडा लिहून दिला. त्याचं माझं कधी बोलणं नाही, त्याचा चेहरा मला माहीत नाही. वडिलांनी एका कातरणीला ठिपके न लावता दोन दिवस दम धरला, माझ्यासाठी. ते दोन दिवस ते फार चिडचिडे होते. प्रोग्रॅम आता पूर्वीपेक्षा कमी बढाया मारतो. कातरलेल्या मेंढीबद्दल खात्री नसेल तर लाल दिवा न लावता सांगतो, मला कळत नाही, माणसाला विचारा. कंपनीच्या प्रतीत अजून लाल दिवाच लागतो, असं ऐकते.

पहिल्या पानावरच्या ओळीला लोक अजून टोकतात. कुणी लिहितो, भावनिक आहे, व्यावसायिक नाही. कुणी लिहितो, आता चूक दुरुस्त झाली, मग ओळ का? मी प्रत्येकाला एकच उत्तर देते, की ओळ राहील, आणि तक्रार बंद करते. या तक्रारी बंद करताना मला जराही वाईट वाटत नाही.

परवा गंगापूरला गेले होते. आत्या भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "त्ये तू कायतरी लिव्हलंस म्हनं मह्या मेंढरावर. दादा म्हनला. वाच की."

मी फोन काढून ती ओळ वाचून दाखवली. शेवटचं वाक्य वाचताना मला थोडं अभिमानासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्या ओळीपायी मी बरंच काही घालवलं होतं. आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली.

"एक नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"गाभन व्हती ती. महिनाभरात याली असती. दोन लिव्ह."

ती पुढची भाकरी थापायला लागली. मी तिथंच चुलीजवळ बसून फोनवर पान उघडलं, आणि एक खोडून दोन लिहिलं.